अविवाहित, मुलं एक

११ नोव्हेंबर, सोमवार

अकुशल! मला म्हणे अकुशल!

चारोटी नाक्यावर दीपेशचं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याने कॉम्प्युटरवर यादी उघडली आणि एका ओळीवर बाण नेऊन ठेवला — शेतमजूर, अकुशल. म्हणाला, "वर्षाताई, तुमचं यातच बसतं." मी म्हटलं, बसत असेल तर तू बस त्यात. चौदा वर्षं सरावलीच्या नर्सरीत कलमं बांधतेय मी. डहाणू तालुक्यातल्या चिकूच्या वाड्यांतली निम्मी झाडं माझ्या हातची असतील. (निम्मी जरा जास्त झाली. पण पुष्कळ.) खाली रायणीच्या रोपाचा खुंट, त्यावर चिकूची कांडी, एक पाचर, एक पट्टी. मिनिट लागत नाही मला. शंभरातली नव्वद जगतात. "तू एक बांधून दाखव," म्हटलं, "मग लिही अकुशल."

दीपेश बिचारा हसला, पण यादी काही बदलली नाही. यादी कॅनडाच्या सरकारची. तिथपर्यंत माझा आवाज जात नाही, नाहीतर सासू म्हणते तसा तो गुजरातपर्यंत जातोच.

बाकी फॉर्म सोपा होता. वय तेहेतीस. शिक्षण बारावी. वैवाहिक स्थिती — अविवाहित. मुलं — एक. इथे दीपेश थांबला. माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. "ताई, खरं तेच लिहायचं ना?" म्हटलं, सरकारचा कागद आहे, खरंच लिहायचं! लगीन कुठे झालंय अजून?

१२ नोव्हेंबर

काल रागाच्या भरात मुद्द्याचंच राहिलं.

मागच्या जानेवारीत नर्सरीत एक गोरी बाई आली होती. हेलन. तिची कॅनडात सफरचंदाच्या रोपांची नर्सरी आहे. फिरायला आलेली, चिकू कसा लागतो बघायला. आमचे मालक नविनशेठ तिला सगळी वाडी दाखवत होते. ती माझ्यापाशी येऊन जी उभी राहिली ती तासभर हललीच नाही. माझ्या हातांकडे टक लावून! मला वाटलं हिची काही वस्तू हरवलीय आणि संशय माझ्यावर आहे. शेवटी नुसती मान हलवली आणि गेली.

आता दिवाळीनंतर तिचा मेल आला शेठना. तिच्याकडे कलमं बांधणारा एक म्हातारा होता, त्याचे हात थरथरायला लागलेत. एप्रिल ते नोव्हेंबर, आठ महिने, ती बाई पाहिजे. ती म्हणजे मी!

शेठनी मेल दाबून ठेवला नाही, हे त्यांचं मोठेपण. तोंड मात्र कडू कारल्यासारखं. "जो वर्षा," — चिडले की गुजरातीत सुरू होतात — "तू गेलीस तर माझी कलमं काय मी बांधू?" म्हटलं बांधा ना शेठ, अकुशल काम आहे.

मला जायचंय. इथे लिहून ठेवते, कारण घरात इतकं उघड बोलत नाही. विमानात बसायचंय, बर्फ बघायचाय, ते आहेच. पण खरं म्हणजे कोणीतरी सातासमुद्रापलीकडून माझ्या हातांसाठी बोलावतंय. हे पुन्हा होणार नाही. आणि परत आल्यावर घरामागे स्वतःचं एक शेडनेट टाकायचं. माझी नर्सरी. बस्स, लिहून झालं.

१९ नोव्हेंबर

पासपोर्टचा पोलीस घरी येऊन गेला. सासरे त्याला बघून मागच्या दाराने शेतात पळाले. काही केलेलं नाही, उगाचच!

२ डिसेंबर

हेलनबाईचं लांबलचक पत्र. हर्षदाने वाचून दाखवलं. आमची लेक, बारा वर्षांची, सातवीत. मोबाईलवर एक एक ओळ धरते आणि मराठीत आणते. मध्येच एखादा शब्द भलताच येतो, मग आम्ही सगळे मिळून अंदाज बांधतो.

तिकडे बाहेरदेशी माणूस ठेवायचा म्हणजे मालकाचीच परीक्षा असते. आधी चार आठवडे जाहिरात द्यायची — आपल्या इथल्या कोणाला हे काम पाहिजे का? कोणी आलं नाही हे सरकारला दाखवायचं. मग परवानगी. राहायची खोली मालकाने द्यायची. येण्याजाण्याचं तिकीट मालकाचं. दलालाला मजुराकडून काही घेऊ द्यायचं नाही. पूर्वी दोन वर्षांसाठी माणूस मिळायचा, आता एकाच हंगामासाठी. आणि हे नियम वर्षातून किती वेळा बदलतील याचा नेम नाही, असं बाईने स्वतःच लिहिलंय. तिच्या हाताखालची एक बाई नुसती नियमच वाचत बसते म्हणे!

तर — तिने जाहिरात दिली. कोणी आलं नाही. परवानगी मिळाली! पण ती फेब्रुवारीअखेरपर्यंतच चालणार. तेवढ्यात माझ्या पासपोर्टवर शिक्का पडला पाहिजे.

मिथुन ऐकत होता. मिथुन म्हणजे हर्षदाचा बाप, माझा माणूस. उधवा–तलासरी–डहाणू अशी पॅसेंजरची इको गाडी चालवतो. म्हणाला, "आधी आपल्या माणसाला विचारा — हा नियम चांगला आहे. आपल्याकडच्या कारखान्यांना लावला पाहिजे." सासरे म्हणाले, "लावला तं तू जाशील का कारखान्यात?" मिथुन उठून इको पुसायला गेला. त्याला इको सोडवत नाही.

८ डिसेंबर, रविवार

खोलीचा फोटो आला. सरकारी माणूस येऊन तपासून गेला म्हणे — खिडकी आहे का, खाट आहे का, आणि धूर झाला तर ओरडणारं एक यंत्र छताला आहे का!

सोनीबाई — माझी सासू — फोटो डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघत होती. "एवढ्या मोठ्या खोलीत एकटी? भूत लागंल." मग म्हणाली, "आन धूर झाल्यावर यंत्र कशाला वरडाया पाहिजे? चुलीपाशी बाई नसते का?"

मी म्हटलं, आई, तिकडे मी सासू कुठून आणू? म्हणून यंत्र.

खूप वेळ हसत होती.

२५ डिसेंबर

परवानगीचा कागद जोडून फाईल गेली त्याला तीन आठवडे झाले. उत्तर नाही. एकशे साठ कलमं बांधली आज. राग, काळजी, आनंद — सगळ्याला एकच औषध.

९ जानेवारी, गुरुवार

उत्तर आलं. उत्तर कसलं, प्रश्न!

अर्जदार अविवाहित आहे. अर्जदारास एक मूल आहे. मुलाच्या जन्मदाखल्यावर वडील म्हणून मिथुन यांचे नाव आहे. अर्जदाराचा व मिथुन यांचा पत्ता एकच आहे. कृपया खुलासा करावा.

कृपया म्हणे! दीपेशला फोन केला तर तो हसायलाच लागला. मग मी ओरडले, मग तो गंभीर झाला. "ताई, त्यांना वाटणार तुम्ही नवरा लपवला. नवरा लपवणं लई वाईट." अरे, लपवला कुठे? रोज सकाळी त्याच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसून कामाला जाते!

१० जानेवारी

आता तिकडच्या साहेबाला कसं सांगायचं? आमच्यात, आदिवासींत, घर मांडायला लगीन लागत नाही. मुलगी मुलाच्या घरी आली, दोन्हीकडची चार माणसं एकत्र बसली, संसार सुरू. लगीन सवडीने. भात चांगला आला की, पाहुण्यांना जेवण घालायची ताकद आली की. कधी पाच वर्षांनी, कधी पंधरा. लेकरं आईबापाच्या मांडवात नाचतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. मी आणि मिथुन तेरा वर्षं एकत्र आहोत. कधी वाटलंच नाही काही राहिलंय म्हणून. मग "अविवाहित" लिहिलं तर खोटं काय लिहिलं? "विवाहित" लिहिलं असतं तर ते खोटं होतं!

दीपेशचा सल्ला — "दोनच खाने आहेत. अविवाहित नाही तर विवाहित. लग्न करा, ग्रामपंचायतीचा दाखला जोडा, विषय संपला."

मिथुनला सांगितलं. गाडी चारोटीच्या पुलाखाली होती, मागे सहा पॅसेंजर. तो म्हणाला, "मग करू की." इतकंच. मागच्या म्हातारीने टाळ्या वाजवल्या. तेरा वर्षांनी मागणी घातली ती अशी!

१२ जानेवारी

घोळ आहे. आणि काय घोळ आहे!

सासू म्हणाली, "तुमचं लगीन कसं लागंल? आमचं कुठं झालंय?"

खरंच की! आमच्यात मुलाच्या आधी आईबापाचं लागतं. तोपर्यंत मुलाला हळद लागत नाही. सासूसासऱ्यांचं राहूनच गेलेलं. एका वर्षी पीक बुडालं, एका वर्षी कोणीतरी वारलं, मग मिथुन झाला, मग त्या दोघांनाच विसर पडला. बेचाळीस वर्षं!

सासऱ्यांनी ऐकलं आणि उठून उभेच राहिले. सासऱ्यांचं नाव बारक्या, अंगानेही तसेच, पण हट्ट मोठा. "मी नाय बसाचा मांडवात. ह्या वयात हळद? लोकं हसतील."

"हसूंदे," सासू म्हणाली. "बेचाळीस वर्षं तुमच्याकडं बघून मी एकटीच हसतंय."

१५ जानेवारी

सासरे अजून शेतातच जेवतात.

२१ जानेवारी

मानले! कसे ते सांगते. हर्षदा त्यांच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "आजोबा, तुमचं लगीन झालं नाही तर बाबाचं होणार नाही. बाबाचं झालं नाही तर आईला विमान मिळणार नाही. आईला विमान मिळालं नाही तर ती वर्षभर घरात बसून आपल्यालाच बोलेल."

सासरे लगेच उठले. धवलेरीकडे तारीख विचारायला गेले. लग्न लावणारी बाई ती. आमच्यात भटजी नसतो, धवलेरीच गाणी म्हणून लग्न लावते. तिला वीस फेब्रुवारीच्या आधी वेळच नाही. तिच्याकडे अशी "राहिलेली" लग्नं रांगेत आहेत म्हणे! हंगाम आहे.

वीस तारीख. अठ्ठावीसला परवानगी संपते. आठ दिवस हातात. जमेल. जमलंच पाहिजे.

हेलनबाईला कळवलं. तिने परत लिहिलं — अभिनंदन, अभिनंदन, सासूसासऱ्यांचंही अभिनंदन! आणि खाली एक ओळ: मार्चपासून नियम पुन्हा बदलणार अशी चर्चा आहे, घाई करा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

परवा झालं. लिहायला आज हात मोकळा झाला, मेंदी अजून तशीच आहे.

भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला, लग्नाचं चित्र. आधी सासूसासरे बसले. सासूला हळद लावायला मी आणि हर्षदा. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला एकदम भरून आलं — ती लाजत होती! सोनीबाई! जिने पूर्ण पाड्याला शिव्या देऊन देऊन वळण लावलं, ती खाली मान घालून बसली होती आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. सासरे टोपी सारखी करत होते. पुन्हा पुन्हा. धवलेरीने मध्येच त्यांचं नाव घेऊन काहीतरी खट्याळ गायलं आणि बाया हसून हसून लोळल्या.

मग आम्ही. मिथुन म्हणाला, "बसायला जागा कर, बायको." मी म्हटलं, अजून नाही, थांब दोन मिनिटं.

नविनशेठ सहकुटुंब आले होते. भात, डाळ, कोंबडी. शेठना वेगळं शाकाहारी. दीपेशही आला, तीन वेळा जेवला. मांडवात सांगत होता, "ही दोन्ही लग्नं माझ्या सल्ल्याने झाली."

काल ग्रामपंचायतीत नोंदणी. ग्रामसेवकांनी माझ्या व्यवसायापुढे विचारायच्या आधीच लिहिलं — मजुरी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भांडायला नको म्हणून सही करून टाकली. सासूला नोंदणीची गरज नव्हती, पण ती हटून बसली. "मना पण कागद पाहिजे." मिळाला. आता तो तिने देवामागे ठेवलाय.

दाखला दुपारीच दीपेशने पाठवला. सात दिवस आहेत. मला फार आनंद झालाय, आणि फक्त विमानासाठी नाही. हे मला आधी माहीत नव्हतं.

२८ फेब्रुवारी

काही नाही.

३ मार्च, सोमवार

उत्तर. हर्षदाने दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा तिलाच पटेना.

अर्जदाराने डिसेंबरमध्ये "अविवाहित" नमूद केले असून आता फेब्रुवारीतील विवाहाचा दाखला जोडला आहे. फॉर्ममध्ये "विवाह न करता एकत्र राहणारे" असा स्वतंत्र पर्याय उपलब्ध आहे. एक वर्ष एकत्र राहणारी जोडपी त्यात मोडतात. अर्जदाराने तो पर्याय निवडायला हवा होता. लबाडीचा हेतू दिसत नाही. दुरुस्त अर्ज नव्याने सादर करावा.

होता! खाना होता! आमच्यासाठी, आमच्याच रीतीचा, कॅनडाच्या सरकारने छापून ठेवलेला खाना! आपल्या तलासरीत कुठल्या कागदावर तो नाही, आणि तिकडे आहे!

"एक वर्ष पुरे होतं, आई," हर्षदा म्हणाली. "तुमची तेरा झाली होती."

तशीच इकोत बसून चारोटी गाठली. दीपेशने यादी उघडली. अविवाहित. विवाहित. "बघा ना ताई, दोनच." मी म्हटलं, ते बाजूचं लांबट खाली ओढ. ओढलं. खाली अजून चार होते. तिसराच आमचा.

"यादी खाली सरकवायची राहिली," दीपेश म्हणाला. इतका पडेल चेहरा मी कोणाचा बघितला नव्हता. चहा मागवला. दोघंही प्यायलो. त्याला काय बोलणार? तो पर्याय विचारायचं मलाही कुठे सुचलं? मला वाटलं आमची रीत फक्त आमची.

५ मार्च

हेलनबाई लिहिते — जुनी परवानगी संपली. नवे नियम एक तारखेपासून लागू. जाहिरात पुन्हा द्यायची, जास्त ठिकाणी, जास्त दिवस. आणि एक नवीनच — तिथलं कोणी शिकायला तयार असेल, तर त्याला शिकवून घ्यायचं. काम येत नाही म्हणून परत पाठवायचं नाही.

पुढे लिहिलंय — "मागच्या वेळी कोणी आलं नव्हतं. काळजी करू नकोस."

मी करतेय.

२० मार्च

शेठ म्हणाले, "वर्षा, इतकी गप्प का?" तर म्हटलं, मोजतेय. खरंच मोजत होते. जाहिरातीचे दिवस.

७ एप्रिल, सोमवार

जाहिरातीला एक मुलगी आली.

क्लेअर नाव. सव्वीस वर्षांची. हेलनबाईच्याच गावची. कलम कधी बांधलेलं नाही, पण शिकायचंय म्हणते. नियम म्हणतो तिला घ्यायचं. हेलनबाईने चांगलं लिहिलंय, खूप चांगलं. शेवटी लिहिलंय — "मला तुझेच हात हवे होते."

नर्सरीत खुंटांच्या रांगेमागे जाऊन रडले. चांगली भरपूर. पुष्पा पाणी घेऊन आली — माझ्या शेजारी बसून कलमं बांधते ती — आणि माझ्या वाटच्या कांड्या छाटत तिथेच बसली.

राग कोणावर काढायचा, तेच कळत नाही. नियम चुकीचा नाही ना! आधी आपल्या माणसाला विचारा — मिथुनने डिसेंबरातच म्हटलं होतं चांगला आहे म्हणून. क्लेअरला तिच्या गावात काम मिळालं. मला माझ्या गावात आहे. एका खान्यामुळे तीन महिने गेले, त्या तीन महिन्यांत नियम बदलला. एवढंच. पण एवढंच म्हणून मन ऐकत नाही. मला जायचं होतं हो! मला खूप जायचं होतं.

घरी सासूने न विचारता सुकट भाजली. मिथुनने इकोच्या काचेवरून "डहाणू–तलासरी–कॅनडा" काढून टाकलं. ते त्याने कधी चिकटवलं होतं, मला माहीतही नव्हतं.

९ एप्रिल

सासरे म्हणाले, "लगीन परत देता येईल का?" सासूने लाटणं उचललं. मी हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

२ जुलै

आंब्याची कोय कलमं सुरू. हात चालू, तोंड चालू. बरी आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

हेलनबाईचा मेल, पाच महिन्यांनी. क्लेअर मेहनती आहे, मनापासून करते. पण तिची शंभरातली चाळीसच जगली.

चाळीस!

मला आनंद झाला. देवा, माफ कर. नाही — थांब, नको करू माफ, अजून थोडा होऊ दे.

संध्याकाळपर्यंत उतरला. चाळीस म्हणजे साठ मेलेली रोपं. कोणाची का असेना. मग हर्षदाला म्हटलं, मोबाईल धर. चाकू कसा धरायचा, पाचर एकाच ओढीत कशी काढायची, पट्टी खालून वर का गुंडाळायची, हे सगळं हळू हळू करून दाखवलं. व्हिडिओ पाठवला. खाली लिहायला सांगितलं: कांडीच्या कापाला बोट लावू नको, घामाने मरते.

२ नोव्हेंबर

हेलनबाईचा मोठा मेल. हर्षदाकडून तीनदा वाचून घेतला. घरात सगळ्यांना विचारायचंय, मग लिहीन.

१६ नोव्हेंबर

मिथुनने मागच्या खोलीला खिडकी पाडली. वाकडी झालीय. सासरे म्हणतात वाऱ्याला चालते.

९ डिसेंबर, मंगळवार

खिडकी आहे. खाट आहे. धूर झाला तर ओरडायला सासू आहे. क्लेअर काल रात्री पोचली!

हेलनबाईने त्या मोठ्या मेलमध्ये विचारलं होतं ते हेच. दोन महिने राहणार. परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांत कळवायचं, हा आपल्या सरकारचा नियम. म्हणून सकाळीच दीपेशकडे. कोणाकडे उतरली — माझं नाव. येण्याचं कारण — क्लेअरने सांगितलं, दीपेशने टाइप केलं, हर्षदाने मोठ्याने वाचलं: वर्षाकडून कलम शिकणे.

पुन्हा वाच, म्हटलं. तिने वाचलं.

मग आलं — तिकडे कोणाला कळवायचं, आणि नातं काय. क्लेअर अडली. जोनाथन नावाचा मुलगा आहे, पाच वर्षं एका घरात राहतात, लगीन राहिलंय. दीपेशचा बाण नवरा आणि मित्र यांच्यामध्ये लटकलेला.

"यादी खाली सरकव," मी म्हटलं.